खिडकीत आलेला हात

आमच्या आत्याबाईंना माणसं मनगटापर्यंतच कळतात, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. चेष्टेनं म्हणायच्या, पण खोटं नव्हतं. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न केलं नाही, आणि जन्म काढला तो थिएटरच्या बुकिंगच्या खिडकीत. खिडकी म्हणायची एवढंच. आधी तिथे जाळी होती. पण ओळखीचे लोक तोंड दाखवून चांगल्या खुर्च्या मागतात, म्हणून मालकानं तिच्यावर फळी ठोकली आणि खाली हात जाईल एवढं अर्धगोल भोक ठेवलं. त्या भोकातून पैसे आत, तिकीट बाहेर. बाजारात कुणी "ओळखलंत का?" म्हणून समोर उभं राहिलं की आत्या आधी त्याच्या हाताकडे बघायच्या आणि मग म्हणायच्या, "हो तर! तुम्ही कायम मागची रांग मागायचात." तो बिचारा बायकोसमोर ओशाळायचा.

वाचनालयाच्या अंकासाठी गावातल्या जुन्या थिएटरांची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी सगळ्यांत शेवटी आत्यांकडे गेले. घरचं माणूस, कुठे पळून जातंय, असं मनात. तोवर मी बरंच हिंडले होते. सगळ्यांत जुनं थिएटर पत्र्याचं होतं; पाऊस आला की पडद्यावरचं बोलणं ऐकू यायचं नाही आणि लोक पैसे परत मागायचे. तिथे आता लाकडाची वखार आहे. दुसऱ्यात फर्निचरचं दुकान आलंय. बाल्कनीत गाद्या रचल्यात, आणि उतरती जमीन तशीच असल्यामुळे तिथली कपाटं पायाखाली पाचरी देऊन उभी केलीत. तिसरं आत्यांचं. ते बंद पडून बरेच दिवस झाले होते आणि त्याच महिन्यात पाडायला घेणार होते.

"आत्या, तुमच्या थिएटरचं काहीतरी सांगा ना."

त्या शेंगा सोलत होत्या. "काय सांगू? मी आतलं थिएटर कधी धड बघितलंच नाही. सिनेमासुद्धा आख्खा बघितला नाही एकही."

"काहीतरीच काय! घरात तर सगळे म्हणतात, सिनेमाचं वेड म्हणून ती नोकरी सोडली नाहीत. वीज कंपनीत चांगली जागा मिळत होती म्हणे."

"म्हणू देत." त्यांनी सोललेले दाणे वाटीत सारले. मग त्या म्हणाल्या, "तुला धाकट्याचं माहीत आहे?"

माहीत होतं, पण घरात असल्या गोष्टी जेवढ्या माहीत असतात तेवढंच. धाकटा म्हणजे आत्यांच्या पाठचा भाऊ, माझा चुलत सासरा. ऐन परीक्षेच्या दिवशी तो याच थिएटरच्या रांगेत सापडला. अप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, भर रांगेत त्याच्या कानाखाली वाजवली आणि सांगितलं, "पुन्हा माझ्या घराचा उंबरठा चढायचा नाही." तो चढला नाही. त्या दिवसापासून पत्ता नाही. त्याचा फोटोही अप्पांनी घरात राहू दिला नव्हता.

"उंबरठा घराचा होता," आत्या म्हणाल्या, "थिएटरचा नव्हता. मी म्हटलं, हा सिनेमावाचून राहायचा नाही. कधी ना कधी या रांगेत उभा राहील. म्हणून तिथे नोकरी धरली."

"आणि तोंड न बघता ओळखणार कशा होतात?"

"करंगळी. लहानपणी पत्र्याच्या पेटीच्या झाकणाखाली चिरडली होती. नख मधोमध दुभंगून आलं, ते तसंच राहिलं. मीच रोज त्याला फडकं बांधायची."

आणि तो आला. अप्पा जिवंत असताना, पण आई गेल्यानंतरच्या वर्षी, दुपारच्या खेळाला. भोकातून हात आत आला, पैसे ठेवले आणि एक बोट वर केलं. एकच तिकीट. शब्द नाही. आत्यांची नजर करंगळीवर गेली आणि तिथेच खिळली. मागून लोक रेटत होते, "बाई, झोपलात का?" म्हणून कुणी तरी ओरडलं. दाराला तर बाहेरून कुलूप. बुकिंग चालू असताना मॅनेजर खोलीला बाहेरून कुलूप घालायचा आणि गल्ला मोजून घेतल्याशिवाय उघडायचा नाही, हा तिथला नियम होता.

"हाक मारायची होती हो! त्या भोकातून ओरडायचं होतं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ओरडले असते तर पळाला असता. पहिल्यापासून लाजरा, त्यातून मानी. मी काय केलं, मालकाच्या पाहुण्यांसाठी एक खुर्ची कायम राखून असायची, शेवटच्या रांगेत, दाराजवळची, कडेची. तो नंबर निळ्या पेन्सिलनं लिहिला आणि तिकीट हातावर ठेवलं. बोटं मिटली. हात गेला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता सिनेमा संपेपर्यंत जातोय कुठे? मीच बसवलाय त्याला."

हे म्हणताना त्या हसल्या, ते मला आजही बघवत नाही.

कुलूप निघाल्याबरोबर आत्या आत धावल्या. अंधार होता, पडद्यावर कसलीशी मारामारी चालली होती. डोअरकीपर, ज्याला सगळे बॅटरीवाला म्हणायचे, म्हणाला, "आज काय, सिनेमा बघणार? सूर्य कुठे उगवला?" त्याला गप्प करून आत्या कडेच्या खुर्चीपाशी गेल्या आणि तिथल्या माणसाच्या दंडावर हात ठेवून जमिनीवर उकिडव्या बसल्या. जे कित्येक वर्षं मनात घोकलं होतं ते एका दमात बोलून टाकलं. "मी आहे रे. ओळखलं मी तुला. आई गेली. शेवटी तुझंच नाव घेत होती. अप्पा आता कुणाला काही बोलत नाहीत, दिवसभर दाराकडे तोंड करून बसतात. त्या उंबरठ्याचं मनावर घेऊ नकोस. घरी चल."

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतला कुणीतरी उठला. त्याला बाहेर जायचं होतं. आत्या वाटेत बसलेल्या. त्या अंग चोरून बाजूला सरकल्या, त्याला वाट दिली. त्यानं तोल सावरायला खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. कुणी उठलं की पायापुढे बॅटरी मारायची, ही बॅटरीवाल्याची सवय. त्यानं मारली, आणि जाता जाता तो उजेड त्या हातावर पडला. नख दुभंगलेलं होतं.

दार उघडलं, दुपारचं ऊन डोळ्यांत घुसलं. त्या उन्हात आत्यांना नुसती एक काळी आकृती दिसली. त्या धडपडत बाहेर पोचल्या तर सायकल स्टँड, पानाची टपरी, रस्ता, सगळं होतं. तो तेवढा नव्हता.

परत आल्या तेव्हा कडेचा माणूस उठायच्या खटपटीत होता. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. पाय लांब करायला जागा हवी म्हणून त्यानं शेजारच्याला विनंती केली होती आणि शेजारच्यानं काही न बोलता खुर्ची बदलून दिली होती. तो म्हणाला, "ताई, मी तुमचा कुणी नाही. मधेच सांगणार होतो, पण तुम्ही थांबेनात. आईचं ऐकून वाईट वाटलं."

शेंगा केव्हाच संपल्या होत्या. आत्या रिकामी टरफलं उगाच इकडची तिकडे करत होत्या. "तिकिटावर नंबर लिहिला की माणूस तिथेच बसतो, असं मी धरून चालले. दुसऱ्या कुणाला सुचलं असतं, आधी तोंड बघावं. आईची बातमी त्याला दिली ती दुसऱ्याच्या तोंडावर. आणि तो जायला निघाला, तर मी सरकून वाट दिली गं त्याला."

त्यानंतरही त्या खिडकीत बसत राहिल्या. घरात कुणाला काही सांगितलं नाही, अप्पांना तर नाहीच. मी इथे बसते हे त्याला आता ठाऊक आहे, तेव्हा मन शांत झालं की येईल, असा हिशेब. वीज कंपनीची जागा त्यासाठी सोडली. पगार थकले, उंदीर झाले, शेवटी शेवटी रांग म्हणजे चार टवाळ पोरं आणि वेळ घालवायला आलेले म्हातारे. पण खिडकी उघडी होती तोवर आत्यांचं काही म्हणणं नव्हतं.

पाडकाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी त्यांना तिथे घेऊन गेले. खुर्च्या आधीच भंगारात गेल्या होत्या. मुकादम भला माणूस होता, म्हणाला, "आजी, काही आठवण हवी असेल तर न्या. ती फळी काढून देऊ का?"

"फळी नेऊन काय करू बाबा? तिच्या पलीकडे रांग लागते का?"

बुकिंगच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, कुलूप कुणी नेलं होतं देव जाणे. "तू आत जा," आत्या मला म्हणाल्या, "मी बाहेरून येते." मी आत गेले. स्टूल मोडकं होतं, म्हणून उभीच राहिले. भोकातून त्यांचा हात आत आला. इतक्या वर्षांत तो त्या बाजूनं पहिल्यांदाच येत असणार. सुरकुतलेला, शिरा वर आलेल्या, डागाळलेला, बोटांची पेरं सुजून वाकडी झालेली. नखं जाड आणि पिवळी, त्यांत आडव्या उभ्या चिरा.

"काय दिसतं गं?" फळीपलीकडून आवाज आला.

"हात दिसतो, आत्या."

"कुणाचा वाटतो?"

हात तसाच राहिला.

"माझ्याहून दोनच वर्षांनी लहान तो," त्या म्हणाल्या. "त्याचाही असाच झाला असेल. सगळीच नखं फुटली असतील. शेवटच्या वर्षांत म्हातारे हात यायचे गं, बरेच यायचे. मी तिकीट द्यायची आणि पुढचा हात बघायची. त्यातला एखादा त्याचा असला तर?"

मी तो हात धरला. गार होता. मुकादमाची माणसं गाडीतून घण उतरवत होती, त्यांचा आवाज मागून येत होता. आत्यांनी हात ओढून घेतला नाही, आणि मीही बराच वेळ सोडला नाही.