कुमुदमावशी आणि आमचा तापलेला कम्प्युटर

"व्हायरस आहे, फॉर्मॅट मारून टाक," असं कॉलेजचा अविनाश फोनवर म्हणाला आणि मी लगेच विंडोजची सीडी शोधायला लागले. मी अशीच आहे, आधी करते मग रडते. आमचा सात वर्षांचा कम्प्युटर दर दहा मिनिटांनी फट्कन बंद पडत होता, आणि त्यात आईचा एम.ए.चा प्रबंध होता. एक्क्याण्णव पानं! ऑफिस सांभाळून दोन वर्षं दर रविवारी बसून टाइप केलेली. शुक्रवारी जमा करायचा होता आणि हा बुधवार, मे महिना, आई ऑफिसात. दुसरी कॉपी? नव्हती. ते काम माझ्याकडे होतं, आणि अविनाशला मी प्रबंधाचं सांगितलंसुद्धा नव्हतं. फॉर्मॅट म्हणजे आतलं सगळं पुसलं जाणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सीडी सापडेना म्हणून वरच्या मजल्यावर कुमुदमावशीकडे मागायला गेले. थँक गॉड सापडली नाही यार!

कुमुदमावशी रिटायर झालीय, आता इथेच सरोजिनी नगरला, आमच्या वरच्या मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. नागपूरहून लग्न होऊन दिल्लीला आली, नवरा लवकर गेला, त्याच्या जागी टायपिस्ट म्हणून लागली. १९८६ साली ऑफिसात पहिला कम्प्युटर आला तेव्हा सगळे हात लावायला घाबरत होते, म्हणून हिला बसवलं. अख्ख्या मजल्यावर एसी फक्त त्या खोलीत, त्यामुळे दुपारी साहेब लोक डबे घेऊन तिथेच जेवायला यायचे. ही त्यांना उठवायची, "साब, मशीन को गर्मी लगती है. आप लोगों की." प्रमोशन उशिरा मिळालं ते ह्यामुळेच, असं ती स्वतःच हसत सांगते.

"सीडी कशाला गं?"

"व्हायरस आहे मावशी, फॉर्मॅट करतेय."

"तपासला कोणी?"

"अविनाशनी. फोनवर."

"अच्छा. बडा डॉक्टर दिसतोय. चल, बघू."

खाली आली, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "गार असताना किती वेळ चालतो?"

"दहा मिनिटं."

"आणि बंद पडल्यावर लगेच लावला तर?"

"तीनच."

"मग तुझ्या व्हायरसला ऊन लागतं का?"

तिने विंडोज सुरूच होऊ दिलं नाही. मधेच एक बटण दाबून निळा स्क्रीन उघडला, त्यात मशीनच्या आतलं तापमान दिसत होतं. एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, शहाऐंशी... चौऱ्याण्णव, आणि खटकन अंधार.

"बघ. विंडोज उठलंही नव्हतं आणि हा गेला. तापलाय बिचारा."

"पण मी तर महिनाभर कूलर त्याच्याचसमोर लावलाय!"

मावशीनी कूलरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मिनू, कूलर ओली हवा फेकतो. दिल्लीची धूळ आणि वर पाणी. तू आत चिखल थापलास."

मला रडूच आलं.

"रडायचं नंतर. आधी आईचे कागद, मग मशीन."

कूलर बंद. प्लग काढून, झाकण उघडून तासभर गार केला. मग उघड्या बाजूला टेबल फॅन लावून चालू केला. विंडोजलाच पाच मिनिटं लागली! मी भराभर क्लिक करायला लागले तर मावशीनी हात धरला, "एकदाच. मग थांब." फाइल पेन ड्राइव्हमध्ये गेली. वर जाऊन तिच्या मुलाच्या लॅपटॉपवर शेवटच्या पानापर्यंत बघितली. पूर्ण होती. मी मावशीला इतकी घट्ट मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला.

मग सफाई. मशीनच्या आतल्या पंख्याखालच्या जाळीत धुळीची राखाडी गोधडीच बसली होती. मावशीनी रंगाच्या ब्रशनी ती उपसली, चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती ती पुसली, घरून आणलेली नवी लावली. चालू केल्यावर आकडा अठ्ठावन्नवर थांबला तो थांबलाच.

सहाला आई आली. मी सगळं सांगितलं, कूलर, फॉर्मॅट, सगळं. आईनी पेन ड्राइव्ह मागून घेतला, पर्समध्ये ठेवला, चेन ओढली. ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"सुमित्रा, बस टाइप करायला," मावशी म्हणाली. "एक तास सलग चालल्याशिवाय मी उठत नाही. चहा मिनू करेल."

आई ऑफिसच्या साडीतच बसली. मावशी घड्याळ समोर ठेवून शेजारी. तासाचे दोन तास झाले, कम्प्युटर बंद पडला नाही आणि मावशीही उठली नाही.

शुक्रवारी आईबरोबर मीही प्रबंध जमा करायला गेले. शिक्का बसलेली पावती घेऊन आई घराचं कुलूप न उघडता सरळ वरच गेली. "कुमुदताई," एवढंच म्हणाली आणि पावती तिच्या हातात दिली. मावशीनी पावती दोन्ही बाजूंनी वाचली, आईच्या पाठीवर हात ठेवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "उभी काय राहिलीस? जा, ह्या पावतीची झेरॉक्स काढून आण."