मावशीच्या ठिपक्यांचं पुस्तक

मावशीला परदेशी मिशनरी म्हणून जायचं होतं. अधू पाय पाहून मिशनने नकार दिला. "सेवा करायला जायलाच हवं असं कोण म्हणालं?" म्हणत तिने टोचणी हातात घेतली आणि दूरदेशीच्या अंधांसाठी लूकचं शुभवर्तमान ब्रेलमध्ये उतरवू लागली. तिकडची भाषा तिला ओ की ठो कळत नव्हती. एकेक अक्षर बघायचं आणि जाड कागदावर उजवीकडून डावीकडे, उलटं टोचायचं. कागद पालटला की ठिपके सुलटे वर येतात. दोन वर्षं हेच! मी चिडवायचो, "मावशी, भोकं पाडायला तुला पगार किती?"

काका, म्हणजे मावशीचे यजमान, बुकबाइंडर. चर्चकडे फिरकत नसत, पण पुस्तक बांधायला आनंदाने तयार झाले. पहिला भाग त्यांनी मावशीच्या नजरेखाली शिवला. दुसऱ्या भागाच्या दिवशी ती दवाखान्यात गेली होती. काकांनी चाळीस वर्षांच्या सवयीने तो दाबयंत्रात घातला आणि चाक करकचून आवळलं. पुस्तक छान सपाट झालं. मावशीने घरी येऊन पानावरून बोट फिरवलं. बोटाला एकही ठिपका लागेना.

तिकडच्या मिशन दवाखान्यातल्या नर्सबाई सुट्टीवर आल्या होत्या, त्या दुसऱ्याच सकाळी परत निघणार होत्या. त्या पहिलाच भाग घेऊन गेल्या. मावशी काकांना एका शब्दानेही बोलली नाही, आणि त्यानेच ते खचले.

चार महिन्यांनी नर्सबाईंचं पत्र आलं. मावशीने मोठ्याने वाचलं. तिथे एक आंधळा विणकर रोज संध्याकाळी बोटांनी वाचतो आणि दवाखान्यातले सगळे रुग्ण त्याच्याभोवती जमतात. पण भाग संपतो तिथे बापाला सोडून गेलेला उधळ्या मुलगा नुकताच घरी यायला निघालाय. विणकर विचारतो, बापाने त्याला घरात घेतलं का?

कुठली ती माणसं, आणि माझ्या लंगड्या मावशीच्या एका ओळीसाठी खोळंबली होती!

"घेतलं का गं?" दारातून काकांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मावशीने कागद लावून टोचणी त्यांच्या हातात दिली. "बसा. तुम्हीच कळवा त्याला. मी अक्षरं दाखवते."

त्या एका ओळीला अख्खी दुपार लागली. टोचून झाल्यावर काकांनी अर्थ विचारला.

"मुलगा दूर असतानाच बापाने त्याला पाहिलं," मावशी म्हणाली, "आणि धावत जाऊन मिठी मारली."

"धावत?" काका म्हणाले. "एवढं नुकसान करून आलेल्यासाठी?"

"हो. धावत."

काकांनी टोचणी खाली ठेवली आणि ते रडले.