आत्याची घंटाबंदी

आत्याच्या प्रयोगशाळेच्या दारावर पाटी होती: 'फोन बाहेर. चपला बाहेर. शिंक आली तर तुम्हीही बाहेर.' ही पाटी गंमत म्हणून लावलीय असं समजून आत शिरणाऱ्याची ती चांगलीच हजेरी घ्यायची.

तिचं काम बघून कुणालाही वाटलं असतं, एवढी शिकलेली बाई हा काय पोरखेळ करतेय! समोर सूक्ष्मदर्शक, त्याखाली केसाहून बारीक टोकाची काचेची नळी, आणि तिला जोडलेल्या रबरी नळीचं दुसरं टोक थेट आत्याच्या तोंडात. काचेचं टोक पेशीला अलगद टेकवायचं आणि श्वास किंचित आत ओढायचा. जास्त ओढला तर पेशी फुटते, कमी पडला तर ती नळीला चिकटत नाही. जमलं की संगणकाच्या पडद्यावर एक शांत रेघ उमटते आणि मध्येच टुणकन उडी मारते. "हे बघ, दार उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं," आत्या म्हणायची. तेवढ्यावर तिचा दिवस मजेत जायचा.

ही दारं म्हणजे आयन चॅनल. पेशीच्या पातळ पडद्यात बसून वीजभारित कणांना आत-बाहेर सोडणारी. ती उघडतात-मिटतात म्हणून मेंदू विचार करतो आणि हृदय धडधडतं. आत्याची सगळी नोकरी त्यातल्या एकाच दारामागे गेली, तीही मेंदूतल्या. तेच दार हृदयातही असतं, पण हृदयवाले समोरच्या खोलीत बसायचे. दोन्ही खोल्यांचं चहाचं यंत्र एक होतं, बोलणं मात्र हवापाण्यापुरतं.

आत्याच्या घरीही घंटा नव्हती, गजराचं घड्याळ नव्हतं. पाहुण्यांनी दारावर टकटक करायची, तीही हळू. मोठा आवाज झाला की ती पांढरीफटक पडायची. "आमच्या कामात दचकलं की नळी हलते आणि दिवस वाया जातो," ती सांगायची. "तीच सवय अंगात मुरलीय, दुसरं काय!" मीही तशीच दचकायची. "ही पोरगी वन्संवर गेलीय," आई म्हणायची, आणि ते कौतुक नसायचं.

मी आठवीत होते. शाळेची घंटा झाली आणि मी जिन्यावरच कोसळले. पुढच्या वेळी घरातला फोन वाजला तेव्हा. डॉक्टर म्हणाले, फिट आहे. आत्यानेही मान डोलावली. मेंदू म्हणजे तिचं हक्काचं घर, दुसरीकडे कशाला बघेल? गोळ्या सुरू झाल्या तरी मी पडतच राहिले. पोहणं बंद झालं, एकटीने बाहेर जाणं बंद झालं. आई माझ्याकडे अशी बघायची, की मला पडण्यापेक्षा तिच्या त्या नजरेचीच भीती वाटायची.

सुट्टीत आत्या मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. "इतकी शांत जागा गावात दुसरी नाही," ती म्हणाली. नेमका त्याच दिवशी इमारतीतला आगीचा भोंगा तपासायचा होता आणि ते तिला सांगायचं राहून गेलं होतं. भोंगा वाजला आणि मी स्टुलावरून खाली पडले. आत्याने तोंडातली नळी फेकली, फरशीवर बसून माझं मनगट धरलं. फिट आलेल्या माणसाची नाडी धावत असते. माझी लागतच नव्हती. ती माझी छाती दाबायला वाकली, तेवढ्यात नाडी परत आली.

मी डोळे उघडले तेव्हा आत्या रडत होती. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "चुकले गं मी," ती म्हणाली. "दार तेच आहे. मी मेंदूतच बघत बसले, आणि बिघडलंय ते तुझ्या हृदयात!"

इस्पितळात हृदयाचा आलेख काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "प्रत्येक ठोक्यानंतर हिच्या हृदयाला सावरायला जास्त वेळ लागतो. त्यात अचानक आवाज झाला की लय बिघडते. आज आपोआप सावरली, दर वेळी सावरेलच असं नाही. पण आता कळलंय ना, गोळीने आवरता येईल." आई खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. "हे घराण्यातून येतं," बाई पुढे म्हणाल्या, "सगळ्यांचेच आलेख काढू या."

आईचा व्यवस्थित निघाला. बाबांच्या आलेखात तोच दोष थोडासा होता. "माझा कशाला?" आत्या म्हणाली. "मी ठणठणीत आहे."

"आवाजाने दचकता ना?"

"ते कामामुळे."

"डोळ्यांपुढे अंधारी येते?"

"येते कधीमधी. जेवायचं राहून जातं, म्हणून."

तिचा आलेख आला. रेघा वाचण्यात तिचा हात कोण धरणार? तिने तो वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. जे दार ती जन्मभर काचेच्या नळीने चाचपत होती, ते तिच्याच छातीत नीट उघडत नव्हतं. ती जपत होती पेशींना, आणि त्या घंटाबंदीने इतकी वर्षं जपलं होतं तिला.

आई उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. एरवी ती वन्संपासून चार हात लांबच असायची. "तुमच्यावर गेली तर गेली," आई म्हणाली. "तुम्ही नसतात तर आज तिचं मनगट कोणी धरलं असतं?" आत्याने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

आता सकाळी आम्ही दोघी एकच गोळी घेतो, ती तिच्या घरी, मी माझ्या. त्या वेळेला तिचा फोन येतो. माझा फोन वाजत नाही, नुसता उजळतो. "घेतलीस?" ती विचारते.

"घेते. आणि तू?"

"अगं बाई, राहिलीच की!"

मग दोघी फोन कानाला लावूनच गोळी गिळतो, आणि मी पाण्याचा घोट घेतलेला ऐकू आल्याशिवाय ती फोन ठेवत नाही.