नसरीन मॅडम आणि लायब्रऱ्यांचे सोयरे

कॉलेजच्या लॅबमध्ये कुणी नवं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं, की नसरीन मॅडम पाठीमागून विचारायच्या, "ह्याचे सोयरे कोण?" मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मग त्यांनी समजावलं, "बेटा, सॉफ्टवेअर एकटं येत न्हाई. त्याला दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या, म्हंजे प्रोग्रॅमचे तयार तुकडे, लागतात, त्या लायब्रऱ्यांना आणखी लायब्रऱ्या. एकाला लग्नाला बोलावलं की त्याचा साडूबी येतो. अन् साडू रुसला की लग्न अडतं!"

मॅडम रोज बदनापूरहून यायच्या. रागवायच्या कमी, टोमणे जास्त. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. शंका विचारायलाही भ्यायची. त्या म्हणायच्या, "एररसुद्धा बोलून राह्यला गं, तू कधी बोलशील?"

आमच्या गावात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. आई कापूस वेचायला न जाता दारात बसून राही. म्हणून मी प्रोजेक्ट तोच घेतला. पाणी सोडणाऱ्या काकांनी मिस्ड कॉल दिला, की ग्रामपंचायतीच्या संगणकाला जोडलेल्या सिमकार्डवरून घरोघरी मेसेज जाईल. त्यासाठी एक सर्व्हिस, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, त्या संगणकात मागे सतत चालू राहायला हवी होती. लॅबमध्ये सगळं बराबर चाललं. गावात ती सुरूच होईना. लॅबच्या संगणकात आधीपासून असलेल्या लायब्रऱ्या तिथे नव्हत्या, इंटरनेटही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही आई दारातच बसली.

मॅडम हसल्या. "नवरदेव नेलास अन् वऱ्हाड लॅबातच?" मग एका कोऱ्या संगणकाचं इंटरनेट काढून त्यांनी माझ्याकडून सर्व्हिस पुन्हा पुन्हा बसवून घेतली. कमी पडेल ती लायब्ररी पेनड्राइव्हमध्ये. रविवारी त्या स्वतः माझ्यासोबत गावी आल्या.

सर्व्हिस सुरू झाली. मी खूश होऊन वळले, तर मॅडमनी संगणकच बंद केला! "तू समोर बसली म्हणून चाललं असंल. आता तुझ्याबिगर चालू दे." संगणक नुसता सुरू करून त्यांनी मला बाहेर काढलं. काकांनी मिस्ड कॉल दिला. पायरीवर बसलेल्या आईचा फोन वाजला.

"मंग उद्या जाऊ का मी कापसाला?" आईनं मॅडमना विचारलं.

"बिलकुल जा, आपा."

वर्ष संपताना मॅडम दुसऱ्या कॉलेजात गेल्या. निरोपाच्या दिवशी मी आईला फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडे बायकांचा गलका होता.

"मॅडम, रानातून बोलून राह्यले. पाण्याचा मेसेज आला की जाईन घरी," आई म्हणाली.

एरवी लगेच टोमणा मारणाऱ्या मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला, सगळ्या लॅबला ऐकू जाईल असा.