गुहेबाहेरचा माणूस

जळगावच्या स्टँडमागे व्हिडिओ गेमचं दुकान होतं. केळीच्या ट्रका भरणारा एक हमाल तिथे रोज दुपारी यायचा. सदऱ्यावर चिकाचे काळे डाग असायचे. गेममधला त्याचा तलवारवाला जंगलात नुसता हिंडायचा. वाटेत झोपडीतला म्हातारा दिसला, की हा पडद्याला रामराम घालायचा. राक्षसाच्या गुहेपाशी मात्र माघारी फिरायचा.

"भाऊ, आत शिरा ना!" मी म्हणायचो.

"मझार गऊ तं गेम सरी जाई."

मी कॉलेजात होतो, अक्कल उतू जात होती. एकदा त्याच्या हातातला रिमोट हिसकावून मीच राक्षस मारला. राजकन्या आली, इंग्रजी अक्षरं आली, पडदा काळा झाला.

"बठ्ठं सरनं?" सगळंच संपलं का, असं त्याने हळूच विचारलं.

तो पुन्हा आला नाही. राक्षस मारल्याची फुशारकी मी महिनाभर मारली.