तातडीची खुर्ची

तर काल कुठवर आलो होतो आपण? हां, सूनबाईने स्वयंपाकघराच्या टेबलावर तिच्या कंपनीचं अख्खं खरेदी खातं मांडलं, तिथवर. साखरेचा डबा म्हणजे माल मागणारे कारागीर, चहाचा डबा म्हणजे खरेदीवाले, तीन वाट्या म्हणजे भाव सांगणारे तीन व्यापारी, आणि मिठाची बरणी म्हणजे माल उतरवून घेणारं स्टोअर. साखरेच्या डब्याकडून चिठ्ठी निघते ती चहाच्या डब्याकडे जाते, तिथून तिन्ही वाट्यांकडे विचारणा, जिचा भाव नि माल बरा तिला ऑर्डर, आणि माल येतो मिठाच्या बरणीत. मी सातवी शिकलेला माणूस, पण मला एका झटक्यात कळलं. आमच्या हिला एवढंच कळलं की चहा टाकायचाय आणि साखर कामावर गेलीय.

"सूनबाई, तुझं खातं जरा सरकव बाजूला," ही म्हणाली, "नाहीतर आज सगळ्यांना बिनसाखरेचा."

"आई, दोनच मिनिटं. ऑर्डर गेटवर पोचलीय."

जे काल नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. सूनबाईची कंपनी पाण्याचे पंप बनवते आणि ती तिथे अंतर्गत ऑडिटमध्ये आहे. म्हणजे कंपनीचीच माणसं कंपनीच्या बाकीच्या खात्यांत जाऊन बघतात, कागदावर लिहिलंय तसं काम चालतं का. नऊ वर्षं तिने दुसऱ्यांनी आखून दिलेलं तपासलं. त्या आठवड्यात तिचे मोठे साहेब पहिल्यांदा म्हणाले, खरेदी खात्याची तपासणी तुम्ही आखा, सोमवारी आराखडा दाखवा. पटला तर टीमप्रमुख तुम्ही. नाही पटला तर काम सिनियरांकडे, नेहमीसारखं.

आता ही बाई तपासणीसाठीच जन्माला आलीय असं माझं मत आहे. शिंप्याची लेक. आमच्या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने माझा नवा कोट उलटा केला आणि म्हणाली, "बाबा, बाहेरून झकास आहे, आतून दोरा सुटलाय." मी एकदा मोठ्या ऐटीत बॅटरी आणली, खिशात मावणारी. तर सूनबाईचा पहिला प्रश्न, "दुकानात लावून पाहिलीत?" नव्हती पाहिली. आतली स्प्रिंगच नव्हती. दुकानदार बदलून द्यायला कुरकुरत होता. सूनबाई काउंटरपाशी नुसती उभी राहिली, डोक्यात पेन्सिल खोचलेली, आणि त्याने दोन स्प्रिंगा दिल्या.

तर आराखडा तयार होता. सुरेख चौकोन, चौकोनांतून बाण, प्रत्येक पायरीला काय चुकू शकतं आणि ते कसं तपासायचं याची टिपणं. अडलं होतं एकाच ठिकाणी. खरेदी खात्याने तारखा द्यायला हव्यात, कधी कागद मिळतील, कधी माणसं बोलायला मोकळी असतील. तारखांशिवाय आराखडा म्हणजे बिनदाराचं घर. आणि खरेदीचे प्रमुख फोनवर एकच शब्द बोलायचे, "बघूया." सगळी कंपनी त्यांना बघूयासाहेबच म्हणते. सूनबाईने पाच वेळा फोन केला, पाच वेळा बघूया. त्यांचं ऑफिस आवारापलीकडच्या इमारतीत. दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला, तोंड पाहिलेलं नाही.

गुरुवारी सूनबाई उठली आणि थेट तिकडे गेली. बघूयासाहेब मीटिंगला गेलेले. खोलीत सहा टेबलं, टेबलांवर कागदांच्या चळती, आणि दाराजवळ एक रिकामी खुर्ची, एक पाय जरा आखूड. ती तिथे बसली. रिकामं बसणं काही तिच्या स्वभावात नाही, म्हणून शेजारच्या चळतीकडे बघत राहिली. दहा मिनिटांनी तिच्या ध्यानात आलं की प्रत्येक मागणीपत्रावर लाल शिक्का आहे, 'तातडीचे.'

शेजारच्या टेबलावर एक कारकून बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. तिने त्यांना विचारलं, "ताई, सगळंच तातडीचं?"

"साध्या कागदाला तीन आठवडे लागतात ना. म्हणून लोक लाल शिक्का मारतात."

"मग लाल शिक्क्याला किती लागतात?"

"तीन आठवडे," ताई म्हणाल्या. "सगळेच लाल म्हटल्यावर काय करणार."

"आणि एखाद्याचं खरंच अडलं तर?"

"तर तो माणूस स्वतः येतो आणि बसून राहतो. तुम्ही बसलाय ना, त्याच खुर्चीवर."

एवढ्यात बघूयासाहेब मीटिंगहून आले. दाराशी खुर्चीत कोणीतरी बसलेलं दिसल्यावर ते आपल्या केबिनकडे गेलेच नाहीत. तिथेच थांबले आणि अदबीने म्हणाले, "बोला, कुठलं खातं? काय अडलंय?"

"ऑडिट," सूनबाई म्हणाली. "तारखा अडल्यात."

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, सूनबाईकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि मग असे हसले की त्यांना दाराच्या चौकटीला धरावं लागलं.

"बाई, या खुर्चीवरच्या माणसाला मी बघूया म्हणत नाही. एकदा म्हटलं तर खुर्चीची पत गेली." त्यांनी कॅलेंडर काढलं, तिच्याच पेन्सिलने तीन आठवड्यांवर रेघा मारल्या, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर टेकून बोलायला लागले. बारा वर्षांत दर ऑडिटला माणसं आली, कपाटं उघडली, कागद मोजले आणि गेली. हा शिक्का का, असं कोणी विचारलं नाही. मधूनच ताईंनी पुरवणी जोडली, "जुना शिक्का झिजला म्हणून नवा मागवला, त्या कागदावरही जुन्याचा शेवटचा ठसा होता, तातडीचे."

संध्याकाळी हे सगळं सांगताना सूनबाई स्वतः इतकी हसली की आमच्या हिने तिच्या हातातला कप काढून घेतला. पण जेवताना ती ताटातली भाकरी नुसती मोडत बसली. मी म्हटलं, तारखा मिळाल्या, आता काय?

"बाबा, नियम असा आहे की तातडीचं असेल तर तीन जणांना भाव विचारायची गरज नाही, एकाकडून थेट घ्या. आणि इथे सगळंच तातडीचं. म्हणजे तो तीन वाट्यांचा नियम वर्षभर कोणी वापरलाच नाही. चोरी म्हणून नव्हे, पंप अडू नयेत म्हणून. माझे चौकोन ज्या पायरीवर उभे आहेत ती पायरीच तिथे नाही."

"मग बदल की."

"बदलला तर सुरुवात खरेदीपासून करता येत नाही, मागणाऱ्यांपासून करावी लागते. आमच्या मोठ्या साहेबांनी असा आराखडा आजवर पास केलेला नाही. जुना दाखवला तर हमखास पास. नवा दाखवला तर काम हातातून जाऊ शकतं."

तिला धीर द्यावा म्हणून मी आमच्या शाळेतली गोष्ट सांगितली. पटावर चाळीस पोरं, प्रत्यक्षात एकतीस. तपासनीस येणार म्हणून गुरुजींनी पलीकडच्या गावच्या शाळेतून नऊ पोरं उसनी आणली. तपासनीस आले, वर्गात फिरले आणि एका पोरीसमोर थांबले. म्हणाले, "काय गं, तू काल पलीकडच्या शाळेत होतीस ना?" पोरगी उभी राहून म्हणाली, "हो, काल तिकडे मुलं कमी पडत होती."

सूनबाई हसली, मग म्हणाली, "बाबा, याचा माझ्या आराखड्याशी काय संबंध?"

"काहीच नाही. पण गोष्ट चांगली आहे."

"पटावर चाळीस आणि वर्गात एकतीस," ती स्वतःशीच म्हणाली, आणि ताटावरून उठली ती कागद आणायलाच.

रविवारी दुपारी टेबलावर पुन्हा डबे मांडले गेले. या खेपेला साखर सगळ्यांच्या पुढे, आणि चहाचा डबा पार मागे. पहिला आठवडा कारखान्याच्या शेडमध्ये. पंप जोडणाऱ्यांना विचारायचं, बेअरिंग संपत आलंय हे तुम्हाला किती दिवस आधी कळतं, शिक्का कधी मारता, खुर्चीवर किती वेळा बसलात. दुसऱ्या आठवड्यात लाल कागद, त्यातलं खरंच तातडीचं किती. वाट्या, म्हणजे भाव, तिसऱ्या आठवड्यात. जुने चौकोन तिने माझ्यासमोर फाडले. आमच्या हिने मात्र साखरेचं दुसरं पाकीट आणून फळीमागे ठेवलं होतं, त्यामुळे चहा वेळेवर झाला.

सोमवारी मला काही सुचेना. वर्तमानपत्र उलटं धरलं असेल तर मला आठवत नाही, आमची ही म्हणते धरलं होतं. साडेपाचला मी अंगणात गेलो, नळी घेतली आणि झाडांना पाणी घालत असल्यासारखा उभा राहिलो. सकाळीच घातलं होतं. फाटक वाजलं. सूनबाईच्या चेहऱ्यावरून काही कळेना, पेन्सिल डोक्यात जागच्या जागी. मी दोन पावलं पुढे झालो आणि विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"बाबा, साहेबांनी एकदा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. म्हणाले, पहिल्या आठवड्यात तुम्ही खरेदीचं एकही कपाट उघडणार नाही? मी म्हटलं, नाही, मागणाऱ्यांशी बोलून झाल्याशिवाय कुठलं कपाट उघडायचं ते मला कळणार नाही. मग आराखड्यावर सही करून म्हणाले, काम तुमचं, टीम तुम्ही निवडा. मी सिनियरांनाच मागून घेतलं, त्यांच्याइतका बारकाईने कागद वाचणारा माणूस आमच्याकडे नाही. आता मला आत येऊ द्या, तुम्ही मघापासून नळी माझ्या पायांवर धरलीय."