भोंगेकाकांनी भरवलेली सभा

पाणीपुरवठा खात्याच्या गाडीवर कर्णा लावून गल्लोगल्ली ओरडत फिरणं हे त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना भोंगेकाका म्हणत. माणूस सरळ, पण जीभ भारी खट्याळ. छापील मजकूर जसाच्या तसा वाचायचा म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं.

त्या वर्षी पाण्याचं राष्ट्रीय धोरण ठरत होतं. मसुद्यावर लोकांचं मत घ्यायला राजधानीतून एक अधिकारीबाई आल्या. खात्याच्या साहेबांनी काकांच्या हातात कागद ठेवला आणि काका इमानेइतबारे ओरडत सुटले, "शाश्वत जलसंसाधन व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय धोरणाच्या मसुद्यावर नागरिकांनी हरकती व सूचना मांडाव्यात!"

लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. कट्ट्यावरच्या एका आजोबांनी तेवढं विचारलं, "कोण गेलं हो?"

सभेला चिटपाखरूही फिरकलं नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून बाईंनी दोन चहा घेतले. साहेबांचा चेहरा पार उतरला.

"बाई उद्यापर्यंत थांबल्यात. उद्या सभागृह भरलं नाही तर तो कर्णा तुमच्याच गळ्यात बांधीन!"

"भरतो की साहेब. पण मजकूर माझा."

"काय वाट्टेल ते करा!"

हे साहेबांनी बोलायला नको होतं. संध्याकाळी, माणसं कामावरून घरी परतल्यावर, काकांनी गाडी काढली.

"ऐका हो ऐका! पाणी कुणी किती वापरायचं, यावर उद्या सकाळी सभागृहात बोलणं होणार! जे येतील ते बोलतील. जे येणार नाहीत, त्यांच्याबद्दल शेजारी बोलतील!"

दुसऱ्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, समोरच्यांची टाकी रोज भरून वाहते. समोरच्यांनी लाँड्रीवाल्याकडे बोट दाखवलं. लाँड्रीवाला म्हणाला, "आधी रस्त्याखालचा फुटका पाइप बघा, मग माझ्याकडे या." अधिकारीबाईंना लिहिता लिहिता मान वर करायला सवड मिळेना. काका दाराशी मिशीतल्या मिशीत हसत उभे होते.

एवढ्यात मागच्या रांगेतून त्यांची बायको उठली.

"माझी हरकत आमच्या ह्यांच्यावर आहे."

काकांचं हसू जागच्या जागी विरलं.

"खात्याची गाडी रोज सकाळी नळी लावून धुतात. तेवढ्या पाण्यात आमच्या अख्ख्या मजल्याच्या अंघोळी होतील. बादली घ्या म्हटलं तर म्हणतात, सरकारी गाडी आहे, तिचा मान ठेवायला हवा!"

सगळं सभागृह खो खो हसलं. काका हळूच सटकायला बघत होते, पण साहेबांनी त्यांची कॉलर धरली. अधिकारीबाईंनी चष्मा सारखा करून विचारलं, "नळी किती जाडीची?"

धोरण यायला पुढे बराच वेळ लागला, पण खात्याचा हुकूम आठवड्यातच निघाला: खात्याची वाहनं यापुढे बादली-फडक्यानेच धुवायची. आणि हे लोकांना कळावं म्हणून गल्लोगल्ली सांगायचं. कुणी, ते वेगळं लिहायची गरज नव्हती.

सगळं गाव फिरून झाल्यावर काकांनी स्वतःच्या गल्लीत गाडी घातली, आवाज बारीक केला आणि घाईघाईने हुकूम उरकला. गाडी कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच वरून हाक आली, "अहो, नीट ऐकू नाही आलं! पुन्हा सांगा!"

काकांनी कर्णा सरळ केला आणि पुन्हा सांगितलं. मग समोरच्यांनाही ऐकू आलं नव्हतं.